टाकीची मागची काच झाकायला सहजी न मरणारी वनस्पती सुचवा

मनकवडी
नमस्कार मंडळी. यावर आधी चर्चा झाली असेल तर दुवा द्या, धागा उडवायला सांगते.

घरात माशांची दोन फुटी टाकी आहे, ६० × ३० × ३८ सेंटिमीटरची. चार मॉली, एक भित्रा गुरामी आणि गप्पी. गप्पी आणले तेव्हा सहा होते, आता मोजणं सोडून दिलंय. मागच्या काचेला निळ्या समुद्राचं पोस्टर होतं, त्यात प्रवाळ आणि दोन डॉल्फिन. गोड्या पाण्यातल्या गप्पींच्या मागे डॉल्फिन बघून एक पाहुणे इतके हसले की मी ते त्याच रात्री फाडून काढलं. आता मागे भिंत, फिल्टरची नळी आणि हीटरची वायर दिसते. प्लास्टिकची झाडं लावून पाहिली. महिन्याभरात त्यांच्यावर तपकिरी साय धरते, आणि ती घासण्यात माझा रविवार जातो.

आता जिवंत वनस्पतीच लावायची आहे. उंच व्हावी, मागचं सगळं झाकावं. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर मी बसवणार नाही. दिवा टाकीबरोबर आलेला साधा एलईडी, तळाला बारीक खडी. आणि महत्त्वाचं म्हणजे माझ्या हातून मनीप्लांटसुद्धा मेलेला आहे, हे लक्षात घेऊन सुचवा.

गढूळराव
मनीप्लांट मारणारी व्यक्ती पहिल्यांदाच भेटली. दंडवत!

तुमच्या अटी वाचून एकच नाव सुचतं, व्हॅलिस्नेरिया. टाकीवाले नुसतं 'व्हॅल' म्हणतात. फितीसारखी लांब पानं, उभं खोड नाहीच. सगळी पानं बुडख्यातून निघतात, पृष्ठभागाला टेकतात आणि तिथून आडवी पसरतात. एकदा रुजली की खडीतून रनर, म्हणजे आडवी धावणारी फूट सोडते. रनरच्या टोकाला पिल्लू, पिल्लाला मुळं, मग त्या पिल्लाचा रनर. मागच्या काचेलगत आठ रोपांची रांग लावा आणि काही महिने विसरून जा.

लावताना खडीचा थर ५-६ सेंटिमीटर तरी ठेवा. मुळं फार लांब असतील तर कात्रीने बोटभर ठेवून छाटा, लावायला सोपं जातं. रोप चिमट्याने जरा खोल खुपसायचं आणि मग हलकेच वर ओढायचं, पांढुरका बुडखा खडीच्या वर दिसेपर्यंत. हा बुडखा गाडला गेला की रोप कुजतं, आणि नवशिके नेमका तोच गाडतात, कारण उथळ लावलेलं रोप सुटून तरंगेल अशी भीती असते. दोन रोपांत ४-५ सेंटिमीटर अंतर ठेवा. मुळांशी खताची गोळी पुरा, कारण ही बाई मुख्यतः मुळांनी जेवते आणि कोऱ्या खडीत तिला काही मिळत नाही. दिवा सात तास, टायमर लावून. त्यानंतर हात खिशात.

टोळभैरव
+१. डॉल्फिनबद्दल सहानुभूती.

शिंपला
गढूळरावांशी सहमत, पण मनीप्लांटचा इतिहास बघता मी हॉर्नवर्ट सुचवेन. त्याला खरी मुळंच नसतात, त्यामुळे बुडखा, गोळी ही भानगडच नाही. सगळं अन्न पाण्यातून घेतं. दगडाला दोऱ्याने बांधून मागे सोडा किंवा तसंच तरंगू द्या. गप्पीची पिल्लं त्यात लपतात हा वेगळा फायदा. नाहीतर हायग्रोफिला पॉलिस्पर्मा. कांडी तोडायची, खोचायची, संपलं.

गढूळराव
हॉर्नवर्ट मी दोन वर्षं ठेवलंय, त्यामुळे बोलायचा हक्क आहे. वाढतं झकास. पण पाणी किंवा उजेड बदलला की सुया गाळतं. बारीक हिरव्या सुया फिल्टरच्या स्पंजमध्ये, खडीत, सगळीकडे. आणि ते एका जागी राहत नाही. 'मागची काच झाकायची' हे काम त्याला सांगून बघा, दुसऱ्या दिवशी ते पुढच्या काचेला चिकटलेलं असतं.

हायग्रोफिला चांगली आहे. फक्त तिचे शेंडे सतत छाटावे लागतात, नाहीतर वर झाड आणि खाली नुसती काडी. मनकवडी छाटणार नाहीत. (राग मानू नका.)

मनकवडी
राग कसला, खरंच नाही छाटणार.

अर्धीरात्र
व्हॅलमध्ये पण प्रकार असतात ना? माझ्याकडे गोल्डफिश आहेत, मलाही लावायची आहे. कुठली घेऊ?

पाणवही
टाक्यांत साधारण तीन दिसतात. व्हॅलिस्नेरिया स्पायरालिस, पानं अर्ध्या-पाऊण फुटापासून दीड-दोन फुटांपर्यंत, मधल्या रुंदीची. नाना, म्हणजे अरुंद पानांची, गवतासारखी नाजूक. आणि जायगँटिया, जिची पानं मीटरच्या वर जातात. मनकवडी, तुमची टाकी ३८ सेंटिमीटर उंच आहे, जायगँटियाच्या नादी लागू नका. दोन महिन्यांत पृष्ठभागावर चटई होईल आणि खाली अंधार. स्पायरालिस किंवा नाना घ्या. पिळदार पानांचा एक प्रकारही मिळतो, तो दिसायला फार सुरेख.

विकत घेताना सॅजिटेरिया व्हॅल म्हणून गळ्यात पडू शकते. पान बोटांत धरून टोकाकडे चाचपून बघा. व्हॅलच्या कडेला टोकाजवळ बारीक दाते असतात, सॅजिटेरियाची कड गुळगुळीत आणि पान जरा जाड. तशी सॅजिटेरियाही गुणी आहे, फसवणूक झाली तरी रडू नका.

रडायची वेळ येते ती लकी बांबू 'पाण्यातली वनस्पती' म्हणून घेतल्यावर. तो बांबू नाही, ड्रेसिना आहे, आणि पाणवनस्पती तर नाहीच. पूर्ण बुडवून ठेवला की काही आठवडे-महिने तग धरतो आणि हळूहळू कुजून पाणी नासवतो.

गोल्डफिशबद्दल, अर्धीरात्र, दोन शब्द: अवघड आहे.

अर्धीरात्र
बघतोच.

मनकवडी (चार दिवसांनी)
आठ रोपं आणली, स्पायरालिस. दाते चाचपून घेतली, विकणारा माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होता. लावली सगळी. दोन सुटून तरंगली, परत लावली. मागे हिरवी रांग दिसतेय आणि मी अर्धा तास खुर्ची टाकून समोर बसले आहे. फिल्टरच्या धारेने सगळी पानं एका बाजूला वाकून हलतात, ते इतकं छान दिसतं की बास. धन्स, सगळ्यांना.

शिंपला
ते वाकणं मुद्दाम नीट पाहा. व्हॅल वाहत्या पाण्यातही वाढते, फितीसारखी पानं धारेला अडवत नाहीत, तिच्याबरोबर वाहतात. फिल्टरचं तोंड टाकीच्या लांबीच्या दिशेने ठेवलंत तर सगळी रांग एका अंगाला झुकते.

मनकवडी (अकरा दिवसांनी)
मंडळी, मेली.

आधी टोकं पारदर्शक झाली, मग पानं मध्येच विरघळल्यासारखी. हात लावला की बुळबुळीत तुकडा हातात येतो. आठांपैकी पाच रोपांना पानच उरलेलं नाही, तिघांची दोन-दोन आहेत. फिल्टर पानांच्या लगद्याने तुंबला होता. मनीप्लांट मला हसत असेल.

टोळभैरव
काढून टाका आणि हॉर्नवर्ट आणा. कुजकी पानं ठेवलीत तर अमोनिया वाढून मासे जातील.

गढूळराव
टोळभैरव, जरा थांबा. सुटलेली पानं काढा, रोपं काढू नका! व्हॅल नव्या टाकीत पानं टाकते, हे बऱ्याचदा होतं. मुळं आणि बुडखा घट्ट, पांढरे असतील तर ती जिवंत आहे. बुडखा बोटाने दाबून बघा. मऊ पडून वास येत असेल तरच काढा.

पण अकरा दिवसांत पाच रोपं बोडकी म्हणजे नुसतं जागाबदलाचं दुखणं वाटत नाही. तीन प्रश्न. टाकीत पाणी कुठलं घालता? पाण्यात कुठलं औषध किंवा खत टाकलंत का? आणि मॉली कशा आहेत?

मनकवडी
बुडखे सहा घट्ट, दोन मऊ. मऊ निघाले ते दोन मी खोल पुरले होते, तेच जे तरंगले होते. चूक कबूल.

पाणी आरओचं. माशांना स्वच्छ पाणी मिळावं म्हणून पिण्याच्या मशीनचंच घालते, पहिल्यापासून. खत म्हणून मुळांशी गोळ्या, आणि रोपं लवकर धरावीत म्हणून वरून 'लिक्विड कार्बन' आणलंय, ते रोज झाकणभर टाकते.

मॉलींचं का विचारलंत? त्या ठीक आहेत, फक्त एकाच जागी उभ्या राहून अंग हलवत डोलतात. मला वाटलं खेळतात.

गढूळराव
खेळत नाहीत हो. मॉलीचं डोलणं म्हणजे बऱ्याचदा पाण्यात क्षार कमी असल्याची तक्रार. तुमच्या टाकीत मासे आणि झाड एकच गोष्ट सांगतायत. पाणवही, तुम्ही घ्या पुढचं, मला रसायनशास्त्र जमत नाही.

पाणवही
घेतो. जरा लांबेल.

लिक्विड कार्बन आजपासून बंद. या नावाने मिळणाऱ्या बाटल्यांत सहसा ग्लुटाराल्डिहाइड किंवा त्याचाच भाऊबंद असतो. दवाखान्यातली उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात ते हेच रसायन. ठरलेल्या मात्रेत पुष्कळ वनस्पती ते सोसतात, शेवाळ मरतं, म्हणून त्याचं नाव झालं. पण व्हॅलला ते मुळीच सोसत नाही, पानं विरघळतात. पारदर्शक टोकं वाचली तेव्हाच शंका आली होती. रोज झाकणभर म्हणजे तुम्ही प्रेमाने तिला जंतुनाशक पाजत होतात.

आता पाणी. आरओच्या पडद्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट बहुतेक सगळं अडतं. पिण्याचं पाणी म्हणून ते चालतं, व्हॅलसाठी ते जवळजवळ कोरं पाणी. वनस्पतीला कर्ब लागतो. बऱ्याचशा पाणवनस्पती तो फक्त विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतात. व्हॅलला आणखी एक वाट येते, ती बायकार्बोनेटमधूनही कर्ब काढून घेते. शाळेत 'दुष्फेन पाणी' शिकलो, साबणाला फेस न येणारं, तेच हिचं आवडतं पाणी. सामू (पीएच) ८ च्या आसपास असेल तर पाण्यातल्या विरघळलेल्या अकार्बनी कर्बाचा जवळजवळ सगळा साठा बायकार्बोनेटच्या रूपात असतो. त्या पाण्यात कार्बन डायऑक्साइडवरच जगणारी रोपं उपाशी बसतात आणि व्हॅल जेवते. सिलिंडरशिवाय ती इतकी वाढते याचं एक मोठं कारण हे. तुम्ही तिचा तो डबाच काढून घेतला होतात.

करायचं काय: नळाचं पाणी, क्लोरीन काढायचं औषध घालून. पण एका दिवसात सगळं बदलू नका, मासे कोऱ्या पाण्याला सरावलेत. दर तीन-चार दिवसांनी दहा-पंधरा टक्के, असं महिनाभर. नळाचं पाणीही फार मऊ असेल तर फिल्टरमध्ये मूठभर शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत ठेवा, तो हळूहळू विरघळत राहतो.

शिंपला
मी व्यक्तिशः विरघळायला तयार नाही. बाकी अनुमोदन.

टोळभैरव
माघार घेतो. लिक्विड कार्बनचं माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

अर्धीरात्र
माझी बातमी: गोल्डफिशनी पहिल्या रात्रीत सहा रोपं उपटली, दुसऱ्या रात्री चार. मुळांवर दगड ठेवले, तर दगडांखालची खडी तोंडात घेऊन थुंकत बसले. उरलेल्या दोन रोपांची पानं कुरतडून पट्ट्या केल्या. मी ती दोन उचलून गप्पींच्या छोट्या टाकीत लावली. पाणवही, तुमचे दोन शब्द बरोबर होते.

पाणवही
आनंद व्यक्त करणं बरं दिसत नाही. मोठ्या गोल्डफिशबरोबर ठेवायचीच असेल तर जावा फर्न लाकडाला किंवा दगडाला बांधा. पान कडक, चवीला बहुधा वाईट, पुष्कळदा ते त्याच्या वाट्याला जात नाहीत. त्याचा आडवा कंद मात्र कधीच पुरू नका, पुरला की कुजतो.

मनकवडी (पाच आठवड्यांनी)
सहाच्या सहा जिवंत!

पहिले तीन आठवडे काहीच दिसलं नाही. नुसते पांढरे खुंट. रोज वाकून बघायचे, घरातले म्हणाले की खडीला नमस्कार करतेय. मग एका खुंटातून नखाएवढं हिरवं टोक. आता प्रत्येकाला चार-पाच पानं आहेत, आणि ही पानं आणलेल्यांपेक्षा गडद आणि रुंद आहेत. काल एका रोपाच्या बुडाशी पांढरा दोरा निघालेला दिसला, मला किडा वाटला. तो रनर आहे ना?

मॉली डोलायच्या थांबल्या. खूप दिवस त्यांचं मी 'नाच' म्हणून कौतुक करत होते, वाईट वाटलं.

गढूळराव
रनरच. त्याला खडीत दाबायला जाऊ नका, तो त्याची वाट शोधतो. पुढच्या बाजूला फारच घुसला तर मात्र पिल्लाला मुळं फुटल्यावर कापा आणि मागच्या मोकळ्या जागेत लावा. आणि दर दोन-तीन महिन्यांनी नव्या पिल्लांच्या पायाशी गोळी. नवीन पानं पिवळट, शिरा हिरव्या अशी दिसली तर लोहाची कमतरता समजा.

मनकवडी
अजून एक. जुन्या पानांच्या कडांवर काळे केसाळ पुंजके आलेत. दिवा वाढवू का? उजेड कमी पडत असेल.

शिंपला
उलट! ते काळं दाढी-शेवाळ. दिवा किती तास?

मनकवडी
सात. पण टाकी आता खिडकीजवळ सरकवली आहे, झाडांना ऊन मिळावं म्हणून.

शिंपला
म्हणजे सात अधिक खिडकी. परत सरकवा. काळी दाढी आलेलं पान पुन्हा स्वच्छ होत नाही, ते बुडापासून काढा. गप्पींना खाणं कमी करा. त्यांचं 'अजून द्या' आयुष्यभर चालू असतं.

टोळभैरव
पानं बुडापासून का? मी तर पृष्ठभागाच्या रेषेत कात्रीने सरळ भांग पाडतो. टाकी एकदम टापटीप.

गढूळराव
अर्धं कापलेलं व्हॅलचं पान पुन्हा वाढत नाही, कापलेली कड तपकिरी होते आणि कधीकधी अख्खं पान मागे सडत येतं. जुनं पान बाहेरून बुडाशी धरून काढणं बरं.

टोळभैरव
माझी तीन वर्षं भांग पाडलेलीच आहे आणि ठणठणीत आहे.

पाणवही
दोघांचंही चालतं. कात्रीला धार असेल आणि पान चेंगरलं नाही तर तपकिरी कड नखाएवढीच राहते. फक्त एका दिवशी सगळी पानं कापू नका. दिसायच्या बाबतीत मी गढूळरावांच्या बाजूचा, आखूड कापलेली व्हॅल शाळेत जबरदस्तीने केस कापलेल्या मुलासारखी दिसते. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत).

मनकवडी (चार महिन्यांनी)
धागा वर काढतेय, कारण आता उलटी तक्रार आहे. मागची काच दिसत नाही. हीटर दिसत नाही. गुरामी दिसत नाही, पण तो आता भित्रा राहिलेला नाही, पानांच्या छताखाली फिरतो आणि मध्येच बाहेर येऊन मॉलींना दटावतो. मोजली तर चाळीसवर रोपं आहेत. काल बादलीभर उपटून काढली. ही कुठे टाकू? जवळच्या ओढ्यात सोडली तर जगतील ना?

पाणवही
जगतील, म्हणूनच सोडू नका! टाकीतली कुठलीही वनस्पती नदी, ओढा, तळं यांत टाकायची नाही. व्हॅल जशी तुमची काच झाकते तशीच पाण्याचा तळही झाकू शकते, आणि तिच्याबरोबर गोगलगायी आणि रोगही जातात. ओळखीत कुणाला हवी असतील तर द्या, उरलेली कोरड्या जागेत पूर्ण वाळवून कुंड्यांत खत म्हणून घाला.

शिंपला
देताना नवीन माणसाला आधी या धाग्याचा दुवा द्या. आणि घेणाऱ्याला सांगा की गोगलगायींच्या भीतीने ब्लीचमध्ये बुडवू नये. काही रोपं ते सोसतात, व्हॅलची पानं नाही.

मनकवडी (आणखी सहा आठवड्यांनी)
हे काय आहे ते सांगा. एका रोपाच्या मधून शिवणाच्या दोऱ्यासारखं काहीतरी निघालंय, स्प्रिंगसारखं वळलेलं, आणि वर पाण्याच्या पातळीवर तांदळाएवढं पांढरं टोक. आधी वाटलं खरंच दोरा पडला. अशी आता पाच आहेत.

पाणवही
मनकवडी, अभिनंदन, तुमच्या व्हॅलला फूल आलंय. मादीफूल. 'स्पायरालिस' हे नाव त्या मळसूत्री देठावरूनच. व्हॅलिस्नेरिया हे नाव अंतोनियो व्हॅलिस्नेरी या इटालियन वैद्य-निसर्गअभ्यासकावरून पडलं, त्याचा काळ १६६१ ते १७३०. लिनियसने १७५३ साली स्पायरालिस हे नाव छापलं.

आता गंमत ऐका. नर आणि मादी वेगवेगळ्या रोपांवर असतात. मादीफूल लांब देठावर वर येतं आणि पाण्याच्या कातडीत छोटी खळी पाडून बसतं. नरफुलं तळाशी, बुडख्याजवळच्या पिशवीत, शेकड्यांनी. पिकली की ती देठापासून सुटतात, एकेक करून वर तरंगतात, पृष्ठभागावर उघडतात आणि होडीसारखी वाहत सुटतात. एखादी होडी त्या खळीत घसरली की झालं परागीभवन. मग देठाची स्प्रिंग आवळते आणि फळ पाण्याखाली ओढून नेते.

मनकवडी
मग माझ्याकडे बिया धरणार?

पाणवही
नाही. तुमची चाळीस रोपं रनरने झालेली, म्हणजे त्यांच्या आयांचीच हुबेहूब नक्कल. ज्या रोपांना फूल आलंय ती मादी, तर तिच्या रनरवरची सगळी खानदान मादी. मूळची सहाही एकाच गुच्छातली असतील तर टाकीत एकही नर नाही.

टोळभैरव
डॉल्फिन गेले आणि महिला मंडळ आलं.

अर्धीरात्र
एक मिनिट. गोल्डफिशच्या तोंडून वाचवलेली ती दोन रोपं आठवतात ना? गप्पींच्या टाकीत आता त्यांची पंधरा झालीत. गेला आठवडाभर त्या टाकीच्या तळाकडून बारीक बुडबुड्यांसारखं काहीतरी सुटून वर येतंय आणि पृष्ठभागावर पांढरा चुरा तरंगतोय. फिल्टरची घाण समजून मी रोज सकाळी जाळीने काढून बेसिनमध्ये टाकतोय.

मनकवडी
अर्धीरात्र, ती जाळी आधी खाली ठेवा!!